लाल सोलांची पुडी

साठी उलटल्यावर प्रथमच काही लिहिण्याचे धाडस करीत आहे. या आगाऊपणाबद्दल आधीच क्षमा मागते. जे सांगणार आहे, ते आजवर कुणालाही — घरातसुद्धा — सांगितलेले नाही.

परळच्या एका संस्थेत मी नोकरीला होते. कोकणातल्या बायकांनी कोकमाची सोलं अंगणात न घालता सौर यंत्रात वाळवावीत, म्हणून संस्था गावांना यंत्रे देत असे. माहितीपुस्तिका माझी — सहा महिने खपून, शब्द न् शब्द पारखून लिहिलेली. गावोगावी फिरायची ती दर्शना. काळाचौकीच्या चाळीत वाढलेली, माझ्याहून वीस वर्षांनी लहान. एकदा सर्वांदेखत म्हणाली, "मॅडम, तुमची पुस्तिका जाम कामाला येते हां! बायका तिच्यावर सोलं सुकत घालतात." सगळे हसले. मीही हसले — पण तो हशा विसरले का?

तिला गावात 'गो चेडवा' अशी लेकीला मारावी तशी हाक येई. मी मात्र 'ऑफिसातली बाई'. मत्सराला याहून मोठे कारण लागते का?

कोकणातल्या कित्येक गावांचे निर्णय गावात होत नाहीत. लालबागच्या एखाद्या खोलीत, त्या गावाच्या मुंबईकर मंडळाच्या बैठकीत होतात. एका गावाने यंत्रे घ्यायची का, हे ठरवणाऱ्या अशाच बैठकीच्या दिवशी दर्शनाच्या आईला इस्पितळात न्यावे लागले. यंत्रात वाळवलेल्या सोलांची पुडी तिने माझ्या हाती दिली. "मॅडम, फक्त दाखवा. बोलू नका काही. रंग बघितला की पटतं त्यांना."

बोलू नका — मी?

बैठकीत मंडळाचे वृद्ध अध्यक्ष म्हणाले, "बाई, तुमी शिकलेली माणसां. एकच सांगा — यंत्रात सोलां लाल रवतली, की काळी पडतली?"

पुडी पर्समध्ये होती. हात चेनपर्यंत गेला — आणि मी म्हणाले, "याबाबत पुरेशी निरीक्षणे अद्याप उपलब्ध नाहीत."

"मगे रवांदे," ते म्हणाले. यंत्रे दुसऱ्या गावाला गेली. मे अखेरच्या अवकाळी पावसात या गावच्या अंगणांतली सोलं बुरशीने गेली. बायकांच्या हातची तेवढीच तर मिळकत.

आणि ती पुडी? रविवारी मी तिची सोलकढी केली. रंग सुरेख आला.

दर्शना माझ्या टेबलाशी येऊन रडली. "माझंच चुकलं, मॅडम. मी यायला हवं होतं. तुम्हाला उगाच अडचणीत टाकलं, सॉरी." मी तिच्या पाठीवरून हात फिरवला — 'होतं असं,' म्हणाले. तिची चूक मी पोटात घातली! महिन्याभरात तिने गावांचे काम सोडले. आता दादरच्या एका दवाखान्यात रुग्णांचे नंबर लावायला बसते. मला पाहिले की आधी आत सोडते.

तिला हे सांगितले, तर ते तिच्यासाठी असेल — की याही वेळी माझ्याचसाठी?