डोळे मिटून पाहिलेलं गाव

पवनीच्या कॉलेजात रत्नमालाबाई सामाजिक उद्योजकता शिकवतात. म्हणजे असा धंदा उभा करायचा की चूलही पेटावी आणि गावाचंही भलं व्हावं. वर्गात कॉलेजची मुलं असतात, तशीच खेड्यांतली बचत गट नि मंडळं चालवणारी तरुण पोरंही. बाईंची रीत एकच. आधी डोळे मिटायचे, आपलं गाव पाहायचं आणि कोण कुठे बसलंय ते सांगायचं. पोरं मागून त्यांना 'झोपेवाल्या मॅडम' म्हणतात. बाई गालात हसतात.

या वैशाखात वर्गातली प्रतिक्षा काही डोळे मिटेना. गावातल्या बायांचा तिने पळसाच्या पत्रावळींचा गट बांधला होता. देवळातल्या महाप्रसादाची पहिलीच मागणी आली होती. बाईंच्याच सल्ल्याने तिने काम एका जागी, गावाबाहेरच्या टिनाच्या शेडमध्ये नेलं. बाया एक-दोनदा आल्या, मग फिरकल्याच नाहीत. आता पंगतीला पत्रावळी पोचल्या नाहीत, तर गटाचं नाव कोणी काढणार नव्हतं.

"मॅडम, बायाइले कामच नाही पाहिजे. मी कायले जीव काढून राहिली?"

"मिट डोळे."

प्रतिक्षाने डोळे मिटले. वैनगंगेवरून गरम वारा आला, त्यात ओल्या वाळूचा वास होता. बाईंनीही डोळे मिटले.

"धुरपता मोठीमाय घरापुढच्या सपरीत बसली हाय," प्रतिक्षा सावकाश बोलू लागली. "आंगणात कुरड्या वाळून राहिल्या. ते बकऱ्या हाकलून राहिली. बाजूले कुंताबाई, नातू मांडीवर झोपला."

"अन् शेडमंधी?"

तिने मिटल्या डोळ्यांनीच मान हलवली.

"कोणीच नाही. तिकडून बकऱ्या कशा हाकलतीन?"

"शेड मीच सांगितलं होतं," बाई हळूच म्हणाल्या. "डोळे उघडे ठेवून."

दुसऱ्या दिवसापासून ओल्या फडक्यातले पानांचे गठ्ठे घरोघरच्या सपरीत गेले. एक नजर कुरड्यांवर, एक काडीवर, अशा बाया गप्पा मारत पत्रावळी टाचू लागल्या. तळ्यात कमळाची पानं पसरावीत तशी हिरवी वर्तुळं सपऱ्यांतून पसरत गेली.

महाप्रसादाला पहिली पत्रावळ देवापुढे गेली, मग पंगत बसली, आणि शेवटच्या माणसापर्यंत पानं पुरली. रत्नमालाबाईंनी आपल्या पानाला हात जोडले, डोळे मिटले, आणि तशाच बसून राहिल्या.

वाढायला आलेली धुरपताबाई थांबली.

"मॅडम, आता उघडा डोळे. भात थंडा होऊन राहिला."