एका रिंगेचं शून्य

शमूचा फोन वाजला की मी उचलत नसे. आमचं तसं ठरलेलंच होतं. तो शिरूरला, मी दौंडला. रात्र सरळ गेली की सकाळी त्यानं एक रिंग द्यायची आणि कापायची. त्या रिंगेला तो ‘शून्य’ म्हणायचा. रात्री फिट आली असेल, तर मात्र मी उचलेपर्यंत वाजू द्यायचा. त्या सकाळी रिंग उशिरा आली. चहाचा कप हातात धरून मी म्हटलं, आलं बाई एकदाचं शून्य! पण रिंग थांबेना... वाजतच राहिली. उचलला, तर पलीकडे त्याचे घरमालक आप्पा. “ताई, सर दार उघडनात म्हणून तोडलं बघा आम्ही... तुम्ही निघा, पर एकट्या येऊ नका.”  

शमुवेल माझा पाठचा भाऊ. कॉलेजात संख्याशास्त्र शिकवायचा. त्याला पहिली फिट आली ती चर्चमध्ये, गाणं ऐन रंगात असताना. कुणी कांदा फोडून नाकाशी धरला, कुणी चप्पल काढली, आई नुसती छाती बडवत होती. पुढं आयुष्यभर हेच. “ताई, न्हावरे गावाचा जेवढा कांदा मार्केटला गेला नसेल, तेवढा माझ्या नाकाखालून गेला,” म्हणायचा आणि स्वतःच खो खो हसायचा. मला मेलीला हसू यायचं नाही. लग्नाचा विषय त्यानं कधी काढू दिला नाही. मुलगी बघायला जाऊ म्हटलं की म्हणायचा, “तिला काय रात्रपाळीला ठेवायचंय का?”

वर्गात मोजायच्या गोष्टींची वितरणं शिकवताना तो स्वतःचंच उदाहरण द्यायचा. लाज नावाची चीज नव्हतीच. एकदा जेवताना मलाही धडा दिला. पॉयसाँ वितरणात म्हणे घटना एकेकटी येते, आधीचीशी तिचं देणंघेणं नसतं. अशा मोजणीत सरासरी आणि चढउतार सारखेच निघतात. “पॉयसाँच्या घरी पाहुणे एकेकटे येतात गं. माझ्याकडे मात्र येत नाहीत तर येतच नाहीत, आणि आले की बिऱ्हाडासकट! माझा चढउतार सरासरीच्या कितीतरी पुढं. मला ऋण द्विपद वितरण लागतं.” मी म्हटलं, “तुला दोन पोळ्या लागतात. गप गिळ.”

शेवटचा आला तो रविवारी. स्वयंपाकघरात लसूण सोलत बसला होता. बोलता बोलता म्हणाला, “एखाद्या गावात साप चावल्याची नोंद शून्य आहे. म्हणजे तिथं साप चावतच नाही, की चावलेलं लिहायला कुणी नाही? दोन्ही शून्यं कागदावर सारखीच दिसतात. मोजणीत नको तितकी शून्यं दिसली ना ताई, की आधी हे विचारायचं.” माझ्या हातातलं लाटणं थांबलं. “मग शमू... तू रोज सकाळी मला देतोस ते शून्य कुठलं?”

 तो लसूण सोलता सोलता हळूच म्हणाला, “खरं सांगू? मलाही ठाऊक नाही. झोपेतली फिट मला कशी कळणार? कधीकधी उठल्यावर जीभ चावलेली असते, अंग ठेचल्यासारखं दुखतं. तेव्हा फोन वाजू देतो. बाकीचं...” मी त्याच्यावर ओरडले, रडले, हात जोडले. इकडं ये, माझ्या खोलीत झोप, शिरूरला एसटीनं जात जा. इतकी वर्षं न ऐकणारा माणूस त्या दिवशी ऐकला. “परीक्षा उरकू दे. मग येतो, कायमचा.” मी दुसऱ्याच दिवशी माझ्या खाटेशेजारी त्याची खाट घातली. परीक्षा संपायच्या आतच आप्पांचा फोन आला.

डॉक्टर म्हणाले, झोपेतच फिट आली असणार. पाळक म्हणाले, प्रभूला सगळं ठाऊक असतं. मग मला एकदा सांगितलं असतं तर त्याचं काय बिघडलं असतं? कुणाशी भांडू मी? किती सकाळी त्या एका रिंगेवर मी निवांत चहा प्यायले! त्यातल्या किती रात्री तो एकटा तडफडला, ते आता कुठलं वितरण सांगणार आहे? येणारे म्हणतात, सुटला. अरे, त्याला सुटायचं नव्हतं. त्याला इथं यायचं होतं.

खाट तशीच आहे. माझी सून म्हणते, “आई, काढू या का आता?” मी काढू देत नाही. उशाशी त्याचा फोन ठेवलाय, चार्ज करून. सकाळी उठले की मी माझ्या फोनवरून त्याला एक रिंग देते आणि कापते. मोकळ्या खाटेवर ती वाजते. मला काही झालं नाही, एवढंच त्याला कळवायचं असतं... आणि ते खोटं असतं.