पहिली हळद

ओल्या हळदीचा वास आला की पेडगावातला तो मांडव आठवतो. ऊसतोडीहून परतताना ट्रॉली उलटून माझे आई-बाप गेले. आमची वस्ती गावाबाहेरची, तरी गावातल्या गुरुजींनी मला घरी ठेवून घेतलं. त्यांच्या लेकीला मी ताई म्हणायचे, तिच्याच अंथरुणात झोपायचे. "माझ्या लग्नात पहिली हळद तूच लावायची," असं ती म्हणायची. तेव्हा मी नऊ वर्षांची होते. हळदीच्या दिवशी मी वाटीत बोटं बुडवली, तेवढ्यात नवरदेवाकडच्या एका बाईनं विचारलं, "ही कुणाची?" ताईच्या आईनं, काकूंनी, माझं मनगट धरलं. "वस्तीतली आहे, कामाला असते," त्या म्हणाल्या. मी ताईकडं पाहिलं, तर तिनं मान खाली घातली. भरल्या बोटांनी मी वस्तीत गेले. आईची शेजारीण भाकरी थापायली होती. काही न विचारता तिनं माझी बोटं धुतली आणि म्हणाली, "आता हितंच ऱ्हा." तिथंच मी वाढले, तिच्याच दारातून सासरी गेले. ताईचे अजून फोन येतात, बहिणीसारखी बोलते. त्या दिवसाचा विषय मात्र ती काढत नाही, आणि तिनं तो काढावा म्हणून मी अजून थांबलेय.