टाकी काठोकाठ भरू नका

हे मी बायकोलासुद्धा सांगितलेलं नाही. तुम्हाला का सांगतोय? — ठाऊक नाही.

खराडीच्या आमच्या ऑफिसात एका परदेशी कंपनीसाठी विमानांच्या इंधनटाक्यांचं काम चालायचं. इंधन पंखांत असतं. उंचावर ते गारठतं; विमान उतरलं की वरच्या पत्र्याला लागून राहतं आणि बाहेर ऊब असली तरी दमट हवेतलं पाणी पंखावर गोठतं. तो थर घेऊन उडणं धोक्याचं. तो जमूच नये अशी टाकी कशी करायची? — यावर शुभांगी आणि मी, दोघंच. परदेशी जायला मिळणार होतं एकालाच.

ती वर्ध्याची, माझ्याहून ज्युनिअर, माझ्याहून हुशार. आणि मी जन्माचा संशयी — दुधात पाणी नसलं तरी मला दिसतं. फोन करायला ती जिन्यात का जायची? मला पाहून आवाज का खाली यायचा? एकदा मी दाराआड उभा राहिलो — हो, मुद्दाम — आणि ऐकलं, "टाकी काठोकाठ नका भरू ना जी. वर थोडी जागा सोडा."

हाच तर उपाय — गार इंधन वरच्या पत्र्याला टेकूच नये! तिनेच सुचवलेला, अजून कंपनीलाही न कळवलेला. कोणाला विकत होती? मी तडक साहेबांकडे गेलो. दुपारपर्यंत तिचं ओळखपत्र काढून घेतलं, चौकशी सोमवारी.

शनिवारी ऑफिसात राहिलेला तिचा स्वेटर द्यायला हडपसरला तिच्या भाड्याच्या खोलीवर गेलो. माणुसकी म्हणून? छे — घरात नवा पैसा दिसतो का, ते बघायला. दिसली ओल आलेली भिंत. घरमालक म्हणाले, "आवो, पोरगी रोज फोन करायची, टाकी काठोकाठ भरू नगा, भितीतनं पानी येतंय. चूक माजीच हाय."

मी स्वेटर पुढे केला. शुभांगीने चहा दिला. "कोणी सांगितलं असंन, सर?"

"ऑफिसात कोणाचा भरवसा धरू नये," मी म्हणालो. चहा संपवला.

सोमवारी साहेबांनी विचारलं, "ती म्हणते, घरची पाण्याची टाकी. खरं असेल?"

"सांगता येत नाही, सर."

ती वर्ध्याला परतली. परदेशी मी गेलो. पहिल्याच बैठकीत उभा राहून सांगितलं — टाकी काठोकाठ भरूच द्यायची नाही, वर थोडी जागा सोडायची. कोणीतरी विचारलं, कल्पना कोणाची?

माझी, म्हणालो.