जमशेद रफूगराला मिळालेला मान

सन तीस-बत्तीसच्या सुमारास वाशीमच्या बाजारात जमशेद रफूगराचं नाव मोठं होतं. काश्मिरी शालीला कसर लागो की निखारा पडो, त्याच्या ओट्यावरून ती परत आली की भोक कुठे होतं हे मालकालाही कळत नसे. तो शालीच्याच काठातून केसासारखा धागा ओढून काढायचा आणि सुईनं उभा-आडवा घालत मूळची वीण पुन्हा जमवायचा. हिवाळ्यात गाडीनं गाठोडी घेऊन येणारा काश्मिरी व्यापारी युसूफही वाटेत खराब झालेला माल त्याच्याकडेच टाकायचा.

पुढे जमशेदच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरला. त्यानं ते कोणाला सांगितलं नाही. त्याची बायको लतीफा मालेगावची. लग्नापासून त्याच्याशेजारी बसून तिचा हात तयार झाला होता. आता मागच्या खोलीत, खिडकीच्या उजेडात सगळं काम तीच करू लागली. जमशेद ओट्यावर बसून शाली घ्यायचा, परत द्यायचा आणि वाहवा ऐकून घ्यायचा. थोडे दिवसच, असं म्हणता म्हणता वर्षं गेली. लतीफा कधी काही बोलली नाही, म्हणून त्यानंही विषय काढला नाही.

अशात रिठद गावच्या उदयसिंगांनी आईची शाल आणली. समईची वात पडून तळहाताएवढी जळली होती, आणि लेकीच्या लग्नात तीच शाल तिच्या अंगावर घालायची होती. लतीफा त्या शालीवर महिनाभर वाकून बसली. शाल पाहून उदयसिंग इतके खूश झाले, की लग्नाला त्यांनी जमशेदसाठी बैलगाडीच पाठवली.

भर मांडवात त्यांनी त्याला गादीवर बसवलं, डोक्याला पागोटं बांधलं आणि शाल पाहुण्यांत फिरवली. जळलेली जागा कोणालाच सापडेना. शेवटी ती जमशेदच्या मांडीवर ठेवत उदयसिंग म्हणाले, "आता तुमीच दाखवा, जमशेदमिया."

जमशेदनं शाल डोळ्यांजवळ नेली. त्याला रंगांची नुसती धूसर सरमिसळ दिसली. तो बोटांनी चाचपत राहिला, पण लतीफानं कुठे काम केलं हे त्यानं तिला कधी विचारलंही नव्हतं. पाहुणे बघायला पुढे वाकले. मग कोणीतरी म्हणालं, करणाऱ्यालेच सापडत नाई, याले म्हनाव कारागिरी. सगळे हसले, टाळ्या पडल्या. खरं सांगायला तोच क्षण होता. जमशेदही हसला आणि त्यानं हात जोडले.

घरी आल्यावर लतीफानं एवढंच विचारलं, की जागा कोणाले सापडली का. त्यानं घडलं ते सांगितलं.

"मंग तुमी काय म्हनलं?"

"काई नाई."

तिनं हातातलं काम बाजूला ठेवलं आणि ती चुलीकडे गेली. ती भांडली असती तर त्याला सोपं गेलं असतं. दोन घास खाऊन तो उठला.

मांडवाची धावपळ सरल्यावर तो स्वतःच रिठदला गेला. पागोटं उदयसिंगांपुढे ठेवून म्हणाला, "हे माह्या बायकोचं हाय. मले दिसत नाई. मी सुई धरतच नाई आता."

उदयसिंगांनी दार लोटून घेतलं. मग म्हणाले, की व्याह्यांसमोर आपण हा मान केला, आता तो चुकीच्या डोक्यावर गेला असं कसं सांगायचं? घरची गोष्ट घरात राहू द्या. पागोटं त्यांनी परत त्याच्या हातात दिलं.

घरी येऊन त्यानं सगळं सांगितलं आणि पागोटं लतीफापुढे धरलं, पण तिनं ते घेतलं नाही. "मले पागोटं नोको होतं," ती म्हणाली. "लोकाईत माहं नाव घ्या लागत होतं तुमाले. एकट्या मानसाले जाऊन सांगतलं, त्यानं तुमचं मन हलकं झालं. माहं काय झालं?"



तेव्हापासून ओट्यावर येणाऱ्या प्रत्येकाला तो सांगू लागला, की रफू लतीफाबी करते. काही गिऱ्हाइकं गेली. युसूफ मात्र शाली दाखवायला थेट आतल्या दाराशी जाऊन पडद्याआडून तिच्याशी बोलू लागला. लतीफा नवऱ्याशी पुन्हा नीट बोलायला लागली, पण त्यात बरेच दिवस गेले.

रिठदकडची माणसं आठवडी बाजारात भेटली की मांडवातला तो किस्सा कौतुकानं काढत. जमशेद खरं काय ते सांगायचा. ती ते खरं न मानता म्हणत, एवढा मोठा कारागीर, पन गर्व म्हनून नाई. मग तो मान खाली घालून पुढे चालू लागायचा.