ताणून न पाहिलेली गाठ

हे मी बायकोलाही सांगितलं नाही. ती गेली, तरी नाही. तुम्हाला काहून सांगून राहिलो — मलाही नीट ठाऊक नाही. सरळ सांगता येईल असंही वाटत नाही. वळसे घेत घेतच येईन.

मी एकोडीचा, धानवाल्या घरातला. सत्तरचं दशक सरत आलं होतं तेव्हा भंडाऱ्याच्या एका दवाखान्यात ऑपरेशन शिकायला लागलो. शिकवणारे आमचे सर. कडक माणूस बाप्पा! कोष्ट्यांकडून उरलासुरला रेशमी धागा आणायचे, खाटेच्या पायाला बांधायचे आणि आमच्याकडून गाठी मारून घ्यायचे. एका हातानं, डोळे मिटून, बोटांना तेल लावून. मारली की ताणून पाहायची. ताणली नाही तर ती गाठच नाही, असं त्यांचं म्हणणं.

आणखी एक नियम होता त्यांचा. रोगी दगावला, तर ज्याच्या हातून चूक झाली त्यानंच बाहेर जायचं. घरच्या माणसांजवळ जमिनीवर बसायचं आणि आपल्या तोंडानं सांगायचं. कोणता सर्जन करतो असं? सर करायचे. मी त्यांना तसं बसलेलं पाहिलं होतं, आणि आपणही असंच व्हायचं, असं मनाशी ठरवलंही होतं. खरंच ठरवलं होतं.

कारध्याचा एक माणूस आला. तरणाताठा. बैलानं पोटात शिंग मारलेलं. हिवतापानं आधीच फुगलेली प्लीहा आत फुटली होती. ती काढायची, तर तिच्या मोठ्या रक्तवाहिनीला गाठ मारावी लागते. सर म्हणाले, ही तू मार. मी मारली — एका हातानं, झटक्यात. नर्स पाहत होती ना! सरांनी डोळे वर न करता विचारलं, "ताणून पाह्यली?"

"हव," मी म्हणालो.

पाहिली नव्हती. एवढंच होतं. ताणायला कितीसा वेळ लागला असता?

संध्याकाळी त्याचं पोट फुगलं, नाडी हातातून जायला लागली. पुन्हा उघडलं. गाठ सुटली होती. सरांनी ती पाहिली, मग माझ्याकडे पाहिलं. माणूस टेबलावरच गेला.  सर दाराकडे तोंड करून थांबले. कशासाठी थांबले, ते मला पक्कं ठाऊक होतं. मी नळ सोडला आणि हात धूत राहिलो. स्वच्छ झाले तरी धूत राहिलो.

शेवटी तेच गेले. व्हरांड्यात त्याची बायको बसली होती, मांडीवर लेकरू. सर तिच्यासमोर खाली बसले. "माह्या हातची गाठ सुटली, बाई," ते म्हणाले. मी दाराआडून ऐकलं.

इथवर भेकडपणा म्हणा. पुढचं त्याहून वाईट आहे.

सरांचा हात थोडा थरथरायचा — चहाचा कप धरताना. चाकू धरला की कधीच नाही. गावात बोभाटा झाला, चौकशीला वरचे साहेब आले. त्यांनी मला एकट्याला बसवून विचारलं. मी म्हणालो, "सरांचा हात अलीकडे थरथरतो." शब्द न् शब्द खरा होता. तिथं त्याहून मोठं खोटं दुसरं नव्हतं. सरांचं ऑपरेशन बंद झालं. ते बाहेरच्या रोग्यांना खोकल्याची औषधं लिहून द्यायला लागले, आणि टेबल माझ्याकडे आलं. जाताना धाग्याचं बंडल त्यांनी माझ्या हातात ठेवलं. "पोराइले शिकवजो," एवढंच म्हणाले. एकदा शिवी घातली असती तर!

मी शिकवलं. ताणून पाहा म्हणून ओरडलो, जमिनीवर बसायचा नियमही सांगितला. पोरं म्हणायची, सरांचा खरा चेला हाच. मला ते आवडायचं, हेही सांगून टाकतो.

मग काही वर्षांनी कारध्याची ती बाई आली. लेकरू आता शाळकरी झालं होतं, त्याला हर्निया होता. म्हणाली, "याच्या बापाले त्या थरथऱ्या म्हाताऱ्यानं मारलं. पोराले तुमीच हात लावा, डॉक्टरसाहेब." सर तेव्हा जिवंत होते. त्याच दवाखान्यात, पलीकडच्या खोलीत बसलेले. दार उघडंच होतं.

मी पोराचं ऑपरेशन केलं. एकेक गाठ ताणून पाहिली. पोरगा बरा झाला. घरी न्यायच्या दिवशी ती वाकली आणि तिनं माझ्या पायांवर डोकं ठेवलं.

मी पाय मागे घेतले नाहीत.