काहील अधांतरी थांबली तेव्हा

रखमाजी गुळवे यांच्यावर अन्याय झाला तो १९९६ सालच्या किंक्रांतीला, भर दुपारी, राहुरीजवळ भाऊसाहेबांच्या गुऱ्हाळावर. शिजलेला गूळ निववायच्या वाफ्यात ओतायला काहील, म्हणजे रस उकळायची ती अजस्र कढई, मोटरीवर कलत असतानाच वीज गेली, मोटरीचा पट्टा घसरला आणि काहील धाडकन मागे आपटली. उकळता गूळ रखमाजींच्या उजव्या हातावर उडाला. दिवस मावळायच्या आत भाऊसाहेबांनी गावभर केलं, 'रखमा पिऊन हुता.' दारूच्या थेंबाला न शिवलेला माणूस, आणि त्याचं कामही गेलं. तो डाग ज्यांनी पुसला त्या वत्सलाताई गेल्या महिन्यात गेल्या. केडगावहून, त्यांच्या घरून, निरोप आला तेव्हा मी भिंतीवर पत्रकं चिकटवत होतो. हातातली खळ तशीच वाळली...

ताई नगरच्या तंत्रनिकेतनात वीजयंत्रं शिकवायच्या. आमच्या मजूर समितीचं 'हा अपघात नव्हे, गुन्हा आहे' हे पत्रक घेऊन मी त्यांच्याकडे गेलो होतो. त्यांनी ते शेवटपर्यंत वाचलं आणि म्हणाल्या, "भाषा झकास आहे रे. पण काहिलीचं वजन किती, ते कुठं लिहिलंस?" दुसऱ्या रविवारी त्या स्वतः एस.टी.नं गुऱ्हाळावर हजर. भाऊसाहेबांनी विहिरीवरची जुनी मोटर काहिलीला जुंपली होती. "पाच एचपीची हाय, ताई. विहीर उपसती ती, तिला ही परात जड व्हती का? आता साडेसातची बसवतो." आमच्या भागात माणसाची ऐपतसुद्धा एचपीत मोजतात, त्यामुळे जमलेल्या साऱ्यांनी माना डोलावल्या. ताईंनी मात्र काहील पाण्यानं भरायला लावली, साखळीत ढेपा तोलायचा काटा अडकवला आणि कड उचलायला सांगितली. कड जमिनीवरून सुटते त्या क्षणी काटा सगळ्यात जास्त ताणला गेला. पुढं कलंडत गेली तसा भार उतरत गेला. "त्या पहिल्या क्षणाचा जोर धरायचा, वर चिकट गुळासाठी थोडा जादा," त्या म्हणाल्या. मग हाताला फडकं बांधून बाजूला बसलेल्या रखमाजींकडे वळल्या. "काका, ओतायला किती वेळ हवा?"

"सावकाश वतावं लागतं, बाई. तंबाखू मळून व्हईपत्तूर."

"म्हणजे घाई नाही. घाई नसली की मोठी मोटर कशाला? एक एचपी पुरे. जोर गिअर देतील."

लोक हसले. भाऊसाहेब म्हणाले, "एक एचपीत माझी म्हैस बी उठायची न्हाई." ताई शांतपणे म्हणाल्या, "म्हशीला घाई असते." पण त्यांची खरी अट वेगळी होती. वीज गेली की मोटर आपोआप जागच्या जागी आवळून धरणारा ब्रेक हवाच; आणि वीज तोडल्यावर काहील जागीच थांबली तर भाऊसाहेबांनी सगळ्यांसमोर रखमाजींना काय म्हणायचं, तेही त्यांनी ठरवून घेतलं.

गिअरची मोटर बसली त्या दिवशी गाव लोटलं होतं. पाण्यानं भरलेली काहील घरघरत उचलली, निम्मी कलली, आणि ताईंनी स्वतःच्या हातानं मेन स्विच खाली ओढला. काहील होती तिथंच, अधांतरी. भाऊसाहेबांनी कडेला हात घातला, मग दोन्ही हात, शेवटी लोंबकळले. ती तसूभर हलली नाही. धोतराचा सोगा सावरत ते खाली उतरले.

"रखमा, चूक तुझी न्हवती. तू पेला बी न्हवता. मोटर चुकली."

"मोटर चुकत नाही, भाऊसाहेब," ताई म्हणाल्या. "निवडणारा चुकतो."

जिंकलो आम्ही. रखमाजी दुसऱ्या दिवशी कामावर गेले. आजही दर हंगामाची पहिली काहील पाण्याची असते. ती निम्मी कलली की रखमाजी त्याच भाजलेल्या हातानं मेन स्विच पाडतात. यंदा ताई नव्हत्या. स्विच पडला... आणि काहील थांबली.

आता तुम्ही. यंदा गूळ घ्यायला ज्या गुऱ्हाळावर जाल, तिथं मालकाला पाण्यानं भरलेली काहील निम्मी कलवून स्विच पाडून दाखवायला सांगा. काहील थांबली नाही, तर पिशवी रिकामी घेऊन परत या, आणि का परतलात ते गावाला सांगा.